उगाच धावणारे डायनोसॉर

माझ्या सासऱ्यांची, आबांची, सगळीच मतं ठाम असत. त्यातलं एक असं की डायनोसॉरचा पहिला सिनेमा तोच काय तो सिनेमा, पुढचे सगळे नुसते गल्लाभरू. पुढचे त्यांनी पाहिलेले नव्हते, पण तेवढ्याने मत बदलायचं त्यांना काही कारण दिसत नसे. पहिला त्यांनी सांगलीत पाहिला होता, हिंदीतून, सासूबाईंबरोबर.

सासूबाई गेल्या त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे जर्मनीत वाल्डॉर्फला राहायला आले. आम्ही दोघंही नवरा-बायको सॉफ्टवेअरवाले, दिवसभर ऑफिसात. घरी शाळेला सुट्टी लागलेली आमची मुलगी आणि आबा. दोघांची छान गट्टी जमेल, असं मी धरूनच चालले होते. पण तिला मराठी सगळं कळायचं आणि तोंडातून उत्तर यायचं ते जर्मन. आबांना जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं. ते विचारायचे, "जेवलीस का गं?" ती म्हणायची, "जा, शोन," म्हणजे हो, केव्हाच. मग आबा माझ्याकडे बघायचे. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं रे टाकलं की दोघंही दिवसभर साठलेली वाक्यं माझ्यापुढे आणून ठेवत, आणि मी पायातले बूट न काढता भाषांतर करत उभी.

हळूहळू आबांनी विचारणंच सोडून दिलं. ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसत, ती तिच्या खोलीत. मधल्या पॅसेजमध्ये समोरासमोर आली की दोघंही पाहुण्यांसारखी हसत. मला त्या हसण्याची धास्ती वाटायला लागली. आबा परत जातील आणि ही दोघं एकमेकांना फक्त फोटोतली म्हणून माहीत राहतील, हे मला दिसत होतं. आणि कामावरून दमून आलेल्या मला त्यावर काही सुचत नव्हतं.

अशात हायडेलबर्गला डायनोसॉरचा पुढचा भाग लागला. तो बारा वर्षांवरच्यांसाठी होता, आणि मुलीला बारा नुकतीच पूर्ण झाली होती. पुरावा म्हणून तिने स्वतःचा भारतीय पासपोर्ट बरोबर घेतला. तिकीटखिडकीतल्या बाईंनी तो मागितलाच नाही, त्यामुळे आमच्या बाईसाहेब जाहिरातींपर्यंत फुगून बसल्या. आबांना मी जवळजवळ ओढूनच नेलं होतं. सिनेमा जर्मनमध्ये होता, पण धावपळीला कसली आलीये भाषा, असं मी त्यांना म्हटलं. मधल्या खुर्चीवर मी बसले आणि अर्ध्या सिनेमाला डुलक्या काढल्या.

बाहेर बसथांब्यावर आबांनी निकाल दिला.

"पहिल्याची सर नाही. त्यात जनावर दिसायच्या आधीच पोटात गोळा यायचा. ह्यात उगाच येतात, उगाच धावतात, उगाच ओरडतात."

मुलगी उसळली. तिला सिनेमा बेहद्द आवडला होता. पहिला भाग तिने मैत्रिणीकडे डीव्हीडीवर बघितला होता आणि तिच्या मते तो म्हाताऱ्यांसाठी होता. हे सगळं तिने एका दमात जर्मनमध्ये ऐकवलं आणि माझी बाही ओढली, "साग्स ईम, ममा." म्हणजे, हे त्यांना सांग.

माझं डोकं ठणकत होतं. अख्खा उन्हाळा मी सांगत आले होते.

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "भांडण तुझं आहे ना? मग मराठीत भांड."

ती माझ्याकडे रागाने बघत राहिली. मग माझ्याकडे पाठ करून आबांसमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, उगाच म्हणजे काय?"

आबा गडबडले. एवढं थेट तिने त्यांना कधी काही विचारलंच नव्हतं. मी मनातल्या मनात जर्मन शब्द शोधत होते आणि एकही धड बसत नव्हता.

"उगाच म्हणजे," आबा म्हणाले, "खोलीत कोणी नाही आणि दिवा चालू आहे, तो उगाच. तुझी आई आत्ता चिडली ना, ती उगाच."

"आख झो," ती म्हणाली, म्हणजे असं होय. मग एकेक शब्द चाचपत बोलायला लागली. "तो मोठा डायनोसॉर उगाच नाही आला, आबा. त्याचा जंगल पाण्यात गेला. आता त्याला घर नाही. म्हणून तो माणसांच्या गावात आला."

'त्याचं जंगल' म्हणून दुरुस्त करायला मी तोंड उघडलं. आबांनी माझ्याकडे न बघताच हात वर करून मला गप्प केलं.

"हे कधी दाखवलं?" त्यांनी तिला विचारलं.

"दाखवला नाही. बोलला. ती चष्मावाली बाई... आल्झो, म्हणजे, सुरुवातीला."

"म्हणजे मला जर्मन कळलं नाही, म्हणून तो बिचारा उगाच?"

"गेनाऊ," ती म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर.

बस आली. दोघं एका बाकावर बसली, मी मुद्दाम मागे. थोडं अंतर गेल्यावर तिने विचारलं, "पहिला का चांगला?"

"पहिला तुझ्या आजीबरोबर बघितला," आबा बाहेर बघत म्हणाले. "उभ्या जन्मात चारचौघांत तिने माझा हात धरला नव्हता. त्या दिवशी धरला. मध्यांतराला दिवे लागले तेव्हा सोडला."

मला वाटलं, आता जर्मन येणार.

"मग तो सिनेमा चांगला नव्हता, आबा," ती म्हणाली. "आजी चांगली होती."

आबा हसले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. मागच्या बाकावर मी सरळ रडत होते. मला फार बरं वाटत होतं. शेजारच्या जर्मन आजींनी काही न विचारता कागदी रुमाल पुढे केला, तो मी घेतला.

पुढच्या आठवड्यात दोघं तोच सिनेमा पुन्हा बघून आली, माझ्याशिवाय. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांच्या कानात मराठी पुटपुटत होती, आणि मागच्या रांगेतल्यांनी दोनदा 'श्श' केलं, हे दोघांनीही मला अभिमानाने सांगितलं. रात्री जेवताना आबांनी फेरनिकाल दिला, "पहिला तो पहिलाच. पण हाही उगाच नाही."

त्यानंतर घरात शांतता म्हणून उरली नाही. पत्त्यांवरून, चहातल्या साखरेवरून, टीव्हीच्या रिमोटवरून दोघं दिवसभर भांडत. तिची शब्दांची लिंगं चुकत, आबांचे पत्ते चुकत, आणि मी ऑफिसातून आले तरी मला कोणी विचारत नसे. दुर्लक्ष मला आयुष्यात कधी इतकं गोड लागलं नव्हतं.

ते निघाले तेव्हा आम्ही सगळे फ्रँकफुर्टला विमानतळावर गेलो. आत जायच्या रांगेपाशी आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती खाली बघत होती.

"आबा, तू उगाच जातोस," ती म्हणाली.

"तुम्ही म्हणावं," मी सवयीने म्हटलं. कोणी लक्ष दिलं नाही.

आबांचा व्हिसा संपत आला होता, सांगलीचं घर बंद होतं. ठाम माणूस, सगळी कारणं त्यांच्यापाशी तयार होती. त्यातलं एकही त्यांनी दिलं नाही.

"हो गं," ते म्हणाले. "उगाचच."