टाकीजपाशी उतर

आमच्या भागात टाकीज नाही. होती. ती पाडून तिथे तीन मजली कॉम्प्लेक्स उभं राहिलं आणि आता त्याच्याही भिंतींना शेवाळ धरलं आहे. तळाला मोबाइलच्या कव्हरांची दुकानं, वर जिम आणि त्याच्याही वर कुलूप. पण यवतमाळात आमच्या घराचा पत्ता आजही 'टाकीजपाशी' असाच सांगतात. ऑटोवाला टाकीजपाशी सोडतो, दूधवाला टाकीजपाशी भेटतो, आणि ज्यांनी टाकीजची एक वीटही पाहिलेली नाही ती पोरं फोनवर 'टाकीजपाशी उभा हाओ' म्हणून बिनदिक्कत सांगतात. माझा छापखाना होता तेव्हा लोक लग्नपत्रिकेवरही हेच छापून घ्यायचे. मी म्हणायचो, अहो, टाकीज आहे कुठे आता? तर म्हणायचे, "तुमी छापा न भाऊ, येनाऱ्याले समजते."

येणाऱ्याला समजतं, यावर हे गाव चाललं आहे. रस्त्यात खड्डा आहे, येणाऱ्याला समजतं. पाटी चुकीची आहे, येणाऱ्याला समजतं. सांगणाऱ्यानं मात्र कधीच काही नीट करायचं नाही.

माझं उभं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका वाचण्यात गेलं. पुढे फ्लेक्सवाल्यांनी छापखाना बंद पाडला, पण डोळ्यांची सवय काही गेली नाही. दूध आणायला निघालो तरी 'हार्दीक शुभेछ्या' वाचल्याशिवाय चौक ओलांडता येत नाही. कोणा भाऊचा वाढदिवस असतो, भाऊ गॉगल लावून आभाळाकडे बघत असतो आणि त्याच्याखाली पासपोर्ट फोटोएवढी पन्नासेक टाळकी. 'शुद्ध शाकाहरी', 'किराना', 'जेन्ट्स पार्लर (लेडिज साठी पन)'. अख्ख्या रस्त्यात एक ऱ्हस्व-दीर्घ जागेवर नाही. लोक म्हणतात माझ्या जिभेला हाड नाही. असेल. यांच्या पाट्यांना तरी कुठे आहे?

तर या भागात माझ्या मुलाचा दातांचा दवाखाना आहे आणि तो बरा चालतो. नागपुरात शिकताना त्याची एका मुलीशी ओळख झाली. मुलगी पुण्याची, कथक शिकवते. लग्नाचं दोघांचं ठरलं होतं, पण राहायचं कुठे ते ठरत नव्हतं. शेवटी मुलगी म्हणाली, मी एक दिवस येते, तुमचा भाग बघते, पण तू बरोबर नको, तू सगळं गोडच सांगशील. तिला आवडला तर दोघं इथे, नाही तर हा दवाखाना विकून पुण्याला. मुलानं हे आम्हाला जेवताना सांगितलं, वरण वाढून घेता घेता, आणि वर म्हणाला, "बाबा, तुम्हीच दाखवा तिला. इथलं तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?" एकुलता एक मुलगा. तो जाऊ नये असं मला फार वाटत होतं, आणि हिला, मुलाच्या आईला, तर त्याहून जास्त. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

मुलगी यायच्या सकाळी मी चपला घालत होतो तर ही दारात येऊन उभी राहिली.

"आज जरा तोंडाले लगाम द्या," म्हणाली. "पोट्टी पयल्यांदा येऊन राह्यली."

"मी काय म्हणतो? जे आहे ते दाखवतो."

"दाखवा. पन बोलू नोका."

मुलीला मी आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, नागपूरहून एसटीनं ये, स्टँडवरून ऑटो कर आणि टाकीजपाशी उतर, मी उभा असेन. आता हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं ते मला विचारू नका. जन्मभर ज्याला हसलो तेच नेमकं बोलून बसलो. ऑटोवाल्यानं तिला बरोबर टाकीजपाशी सोडलं. तिनं मान वर करून पाहिलं तर जिम. तिला वाटलं, चुकीच्या जागी उतरवलं. ती टाकीज शोधत निघाली आणि मी कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या अंगाला, जिथे पूर्वी तिकिटाची खिडकी होती तिथल्या पानठेल्यापाशी ऊन खात उभा. मोबाइल मी बाहेर नेत नाही. तिनं घरी फोन केला तर हिनं सांगितलं, "थे तं टाकीजपाशीच उभे हायेत, बाई." मुलगी पुन्हा शोधायला लागली. कोणाला विचारलं तर तो हात करून म्हणे, ही काय टाकीज. आणि दाखवी जिम.

बऱ्याच वेळानं ती मला पानठेल्यापाशी सापडली, म्हणजे तिला मी सापडलो. उंच, सावळी, खांद्याला कापडी पिशवी. दमलेली दिसत होती, पण चिडलेली नव्हती. मी असतो तर आल्या पावली परत गेलो असतो.

"काका, टाकीज पाडली ना?" ती हसून म्हणाली. "मला बांगड्यावाल्या काकूंनी सांगितलं. मी तोवर सगळा भाग फिरले."

"फिरलीस ते काही खरं नाही," मी म्हणालो. "चल, आता नीट दाखवतो."

आधी चौक दाखवला. चौकात कारंजं आहे. त्यातून पाणी उडालेलं उद्घाटनाच्या दिवशी लोकांनी पाहिलं म्हणतात. मी त्या दिवशी गावात नव्हतो, त्यामुळे माझा विश्वास नाही. त्याच्या कट्ट्यावर शेळ्या बसतात. शेजारी पुरुषभर उंचीची लाल-पांढरी अक्षरं उभी केली आहेत, आय लव्ह यवतमाळ. त्यातलं बदाम कोणीतरी लाथ मारून वाकवलं आहे. संध्याकाळी पोरं त्या वाकड्या बदामात डोकं घालून फोटो काढतात. मी तिला म्हटलं, "गावावर प्रेम आहे हे लिहून सांगावं लागतं, तिथे काय ते समज." तिनं हसू आवरलं, की काय केलं, मला नीट कळलं नाही.

मग दुकानांची ओळ. पहिलं कापडाचं दुकान होतं बापाचं. दोघं भाऊ भांडले, तेव्हा शेजारीच 'न्यू' निघालं. मग पुतण्या भांडला, त्यानं 'ओरिजिनल' काढलं. तिन्ही दुकानांत साडी तीच, सुरतेची, आणि तिन्ही ठिकाणी दारात उभा असलेला माणूस 'या ना ताई, पाहाले काय लागते' म्हणत हात धरायच्या बेतात. पलीकडे मनियारांचं बांगड्यांचं दुकान. मी म्हटलं, "इथे काचेपेक्षा चमकी जास्त. दोन दिवसांत हात खरखरतात." मुलीनं हात पिशवीच्या बंदाखाली नेला. तेव्हा मला तिच्या मनगटातल्या हिरव्या बांगड्या दिसल्या, नव्या, किणकिणणाऱ्या. दुकानातून बाई डोकावून म्हणाली, "बेटी, मिले क्या तुम्हारे चाचा?" आणि मला पाहून पदर सावरत आत गेली. मी पुढे चालू लागलो. आता दिसल्या, त्याला मी काय करणार?

कॉम्प्लेक्ससमोर नवा कॅफे झाला आहे. पोरं तिथे पनीर घातलेला पिझ्झा टमाट्याच्या सॉसमध्ये बुडवून खातात. एका भिंतीला पुस्तकांची कपाटं आहेत असं बाहेरून वाटतं. आत गेलं की कळतं, तो पुस्तकांचा कागद चिकटवला आहे. छापखानेवाल्याच्या छातीत कळ यावी असा तो कागद. दीडशे पुस्तकांच्या पाठी आणि एकावरही नाव वाचता येत नाही. मी काचेतूनच दाखवलं. "हे आमचं वाचनालय," म्हटलं.

तिला भूक लागली होती म्हणून सांबारवडीच्या हॉटेलात नेलं. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर; कोथिंबीर ठासून भरलेली ही वडी कढीबरोबर खातात. गल्ल्यावरचा मालक तिला पाहून उठलाच.

"ताई, आता आनू का सांबाराचं सांबार?"

दोघंही हसायला लागले. सकाळी ती इथेच येऊन गेली होती म्हणे. वडीबरोबर इडलीचं सांबार कुठे आहे असं तिनं विचारलं, आणि मालकानं तिला आत भट्टीपाशी नेऊन कोथिंबिरीची जुडी हातात दिली होती. मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी तिला सांगितलं, तेल बघून घे, कालच्या कढईतलं आज, आजच्यातलं उद्या. मालकानं ते ऐकलं. तो वड्या ठेवून गेला. मुलीनं एक वडी खाल्ली आणि दुसरी ताटलीत तशीच ठेवली. मला वाटलं, पटलं हिला.

शेवटी सांस्कृतिक भवन. नाव सांस्कृतिक, आत ब्लँकेट आणि चादरींचा महासेल. खुर्च्या मागे ढिगानं रचलेल्या, विंगेत गाठोडी, स्टेजवर एक माणूस माइकवरून 'सोलापुरी, सोलापुरी' म्हणून ओरडतो. वर्षातून एकदा शाळांचं स्नेहसंमेलन होतं, तेव्हा आया पोरांचे फोटो काढायला स्टेजवर चढतात आणि कार्यक्रम संपतो. या गावाला कला पेलत नाही, पचत तर नाहीच. हे सगळं मी तिला सांगत होतो. ती मात्र चपला काढून स्टेजवर गेली. ओरडणाऱ्या माणसाला काहीतरी विचारलं. त्यानं एक गाठोडं बाजूला सारून जागा करून दिली. तिनं उजवा पाय उचलून फळीवर आपटला. मग डावा. कान देऊन ऐकलं. पुन्हा आपटला. चादरी घ्यायला आलेल्या दोघी-तिघी बाया थांबून बघायला लागल्या.

भवनाची झाडलोट करणारी बाई खाली उभी होती. ती म्हणाली, "लाकूड अस्सल हाय, ताई. सोमवारी सेल उठून राह्यला, मंग खालीच हाय सारं. माह्या पोरीले नाचाचं लय याड हाय."

"येईल ती रील काढायला," मी खालूनच म्हणालो. "इथे तुझा क्लास चालणार नाही, मुली. चार दिवस येतील, मोबाइल लावून नाचतील आणि पाचव्या दिवशी बंद. आमच्या लोकांना मी ओळखतो."

ती स्टेजवरून उतरली आणि चपला घालताना वर न बघता म्हणाली, "चला, काका." झाडणारी बाई तोवर केरसुणी घेऊन निघून गेली होती.

घरी येऊन ती हिच्याशी बराच वेळ बोलली, चहा घेतला. मग मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. नागपूरची गाडी लागायची होती. सिमेंटच्या बाकावर बसल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, "बघितलंस सगळं. आता तुला काय वाटतं ते सांग. मी जे आहे ते दाखवलं, काही लपवलं नाही."

"मी हो म्हणणार आहे," ती म्हणाली. "ते सकाळीच ठरलं होतं, तुम्ही भेटायच्या आधी."

मला इतका आनंद झाला की मी काहीतरी बोलणार होतो, बहुधा चांगलंच. पण तिचं संपलं नव्हतं.

"आम्ही इथेच राहू, याच भागात. फक्त घर वेगळं घेऊ. हे मी त्याला आजच सांगणार आहे, पण आधी तुम्हाला सांगायला हवं असं वाटलं." तिनं बांगड्या मनगटावर मागे सारल्या. "काका, सकाळी मी हाच रस्ता एकटी फिरले. तेव्हा मला इथे राहावंसं वाटलं. मग तोच रस्ता तुमच्याबरोबर फिरले, आणि मला या बांगड्यांचीसुद्धा लाज वाटायला लागली. एवढ्याशा वेळात असं होतं, तर रोज तुमच्या घरात राहून माझं काय होईल?"

मला राग आला. खोटं कशाला सांगू, अजूनही येतो. सकाळी ओळख झालेली पोर, ज्या गावाला मी उभा जन्म सहन केलं ते गाव ती मला शिकवणार. मी यातलं एकही वाक्य बोललो नाही, कारण गाडी आली. काचेमागच्या पाटीवर 'नागपुर' लिहिलं होतं, पु ऱ्हस्व. ते वाचूनही मी गप्प राहिलो. ती वाकून नमस्कार करून चढली.

घरी आलो तर ही पायरीवरच बसली होती.

"काय म्हनली?"

"हो म्हणाली. इथेच राहणार."

हिनं डोळे मिटून हात जोडले. मग माझ्याकडे पाहिलं. "मंग तोंड काहून उतरलं तुमचं?"

मी सांगितलं. वेगळं घर. कारणही सांगितलं, जसंच्या तसं. वाटलं, आता ही चिडेल, आल्या आल्या सून घर फोडते म्हणेल. मुलासाठी हिनं गेल्याच महिन्यात वरची खोली रंगवून घेतली होती, स्वतः उभं राहून. पण ही चिडली नाही.

"तिले एका दिवसात समजलं," म्हणाली. "मले समजाले सारी जिंदगी गेली."

मी उठून आत निघालो, तर तिनं मागून विचारलं, "किती खोल्यायचं पाहून राह्यले थे?"

"मला काय माहीत? तुला कशाला पाहिजे?"

"मले बी एक लागन," ती म्हणाली.