दस्तगीरचाचाचा दाण्याचा डबा

दस्तगीरचाचाची नक्कल करायची तर दोन शब्द बोलून थांबायचं, छातीतनं शिट्टी काढायची, मगच तिसरा शब्द. "मेहमुदा, च्या... सूंऽऽ... आण की!" मंगळवार पेठेत पोरासोरांनाही जमते ती. उचगावकडच्या फाउंड्रीत वाळूचे साचे भरण्यात चाचाची हयात गेली आणि छाती तिथंच राहिली. दमा जुनाच. पण यंदा ताप चढला तो उतरेचना, आणि शिट्टीचा भोंगा झाला.

छातीच्या डॉक्टर संयोगिताबाई एकदम शुद्ध बोलतात. "काका, घरात काही पाळलंय का? कुत्रं? मांजर?"

"न्हाय बाई. घरात आमी दोगंच."

खोटं नव्हतं. कबुतरं घरात नव्हतीच, वर गच्चीवरच्या खुराड्यात होती. आणि शौकिनाची कबुतरं म्हणजे काय कुत्री-मांजरं? ती त्याची इभ्रत. आई मेलेलं पिल्लू चाचा स्वतः जगवायचा. डाळ चावून, पिल्लाची चोच ओठांत धरून भरवायचा. कबुतरबाजीच्या उस्तादानं तसंच शिकवलेलं.

औषधं लागू पडेनात. ओठ निळे पडायला लागले, तेव्हा मेहमुदाचाची डॉक्टरांच्या टेबलावर हात आपटून ओरडली, "तोंडानं चारत्यात बाई! कबुतराला! तोंडानं!"

संयोगिताबाईंचं पेन थांबलं. "पाखरांच्या विष्ठेतून, पिसांतून जंतू येतात काका. आधीच दुखावलेल्या छातीत ते घर करतात. औषध बदलते मी. पण कबुतरं आजच जायला हवीत. पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही उरणार नाही."

शेजारच्या पिराजीनं कबुतरांच्या टोपल्या लांब कुरुंदवाडला पोचवल्या. नव्या औषधानं ताप उतरला. चाचा दवाखान्यातनं घरी आला, नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन.

शुक्रवारी सकाळी गच्चीवर पंख फडफडले.

"आली," चाचा म्हणाला. तोंडावर असा उजेड, की चाची वाट अडवून उभी राहिली.

"खबरदार उठलासा तर!"

"पानी तरी... सूंऽऽ... ठेव. लांबनं आल्यात."

"पानी ठेवलं की ऱ्हात्यात ती. मग मला कुनाच्या जिवावर ठेवताय?"

तोंडाला पदर बांधून ती वर गेली. हाकलायला हाताशी काहीच नव्हतं. खुराड्याजवळ पत्र्याचा रिकामा डबा दिसला, तोच उचलून बडवायला लागली. ठण ठण ठण! "हुश्श! जावा की! माझं घर बुडवायला आलायसा व्हय!"

त्याच डब्यावर थाप मारून चाचा रोज त्यांना दाण्याला बोलवायचा.

घिरट्या घालणारी सगळीच्या सगळी खाली उतरली. पायाशी, खांद्यावर, एक तर थेट डब्यावर. चाची रडत आणखी जोरात बडवी, तशी ती आणखी जवळ येत.

खाली डब्याचा आवाज ओळखून चाचाला हसू फुटलं. हसायला श्वास लागतो. हसण्याचा खोकला झाला, खोकल्यात डोळे पांढरे झाले.

"डबा... सूंऽऽ... टाक! मेहमुदा!"

वर ठणठणाट. कुठलं ऐकू जातंय!

त्यानं नाकातली नळी काढली आणि तिला थांबवायला भिंत धरत जिन्याकडं निघाला.