निम्मी तार, निम्मा काथ्या
दुकानात काथ्याच्या नव्या दोराचा वास आला, की मला दुष्काळातली ईट गावाजवळची आमच्या शेतकरी सोसायटीची विहीर आठवते. पाणी तळाला गेलेलं. मोटर पाण्यालगत टांगायची होती, पण बुडाली तर जळणार, आणि गावाकडं दुसरी मोटर नव्हती. तारेचा दोर पुरेना, म्हणून त्याला खाली काथ्याचा दोर जोडलेला. मोटर फळ्यांवर ठेवायची, दोर वरच्या तुळईला ताठ बांधायचा आणि मग फळ्या काढायच्या, असं ठरलं. मी नुकतीच इंजिनियर होऊन आले होते. म्हटलं, फळ्या हातभर वर घ्या. चेअरमन हसले. "निम्मी तार हाय की पोरी. दोर ताणंल कशाला?" "काका, ओझं दोन्हींतनं सारखंच जातंय. तार न्हाय ताणणार, पण काथ्या ताणणारच. सकाळी बाभळीला हाच काथ्याचा दोर बांधून मोटरीच्या वजनाचं वाळूचं पोतं टांगलं, ते हातभर खाली आलं." विहिरीत फळ्यांपाशी उभे असलेले माझे वडील म्हणाले, "वर घ्या. लेकीनं मोजलंय." फळ्या हातभर वर घेऊन दोर ताठ बांधला. मग फळ्या काढल्या, दोर करकरला, मोटर खाली सरकली आणि पाण्याच्या वीतभर वर थांबली. वडिलांनी वर माझ्याकडं नाही, चेअरमनकडं पाहिलं. आज मी इमारतींचा ताण मोजणारं सॉफ्टवेअर लिहिते. एकामागं एक जोडलेल्या साहित्याचा हिशेब तपासताना हाताखालची मुलं मोठमोठी उदाहरणं घेतात. मी आधी निम्मी तार, निम्मा काथ्या घालते, आणि उत्तर हातभर आलं की मनात म्हणते, काढा फळ्या.