साहेबांनी उडवलेली चाळीस सेकंदं

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून ऑफिसातूनच ही मेल टाकतेय.

रोह्यात बसून मी रोज सकाळी सिक्युअर शेलमधून, म्हणजे नेटवरून, पेणच्या गोदामातल्या गेटपास काढणाऱ्या कॉम्प्युटरला त्याच नऊ कमांड द्यायचे. कंटाळून शेवटी त्या आपोआप एकामागोमाग देणारी स्क्रिप्ट लिहिली. पेणचं मशीन जुनं, म्हणून प्रत्येक कमांडनंतर चाळीस सेकंद थांबायच्या ओळी घातल्या.

आज मी पोचायच्या आत साहेबांनी त्या सगळ्या ओळी उडवून स्क्रिप्ट चालवली. म्हणे, "नुसतं बसून राहतं ते!"

आधीची कमांड संपायच्या आत पुढची येऊन आदळली. पेणहून गोदाम सांभाळणाऱ्या सुलभाताईंचा फोन. "काय गो, आज मशीनला दमच खाऊ दिला नाय? पार बंद पडलंय. गेटपास निघत नाय, ट्रक उभे हायत."

आणि साहेबांनी शिफ्टच्या वहीत काय लिहावं? "स्क्रिप्ट सदोष." पुढे माझं नाव!

ताईंनी मशीन परत चालू केलं. मी ओळी होत्या तशा घालून स्क्रिप्ट सोडली. पूर्ण सहा मिनिटं साहेब माझ्या खुर्चीमागे उभे. तेव्हा बरं थांबता आलं!

वहीतली ती ओळ मात्र अजून तशीच आहे. तुमच्याकडेही नीट काम करायला थांबलेला माणूस रिकामटेकडाच ठरतो का हो?