सिमेंटशिवायचा खुबा

आमच्या ह्यांनी जन्मभर चामराजपेटेत घरं बांधली. सिमेंटशिवाय जगात काही टिकतं यावर त्यांचा विश्वास नाही. खुबा बदलायची वेळ आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुमचं हाड दणकट आहे, सिमेंट लागणार नाही. नव्या सांध्यावर खरखरीत थर असतो, हाड त्यात वाढतं आणि धरून ठेवतं. तुमच्या मिसेससारखी हाडं ठिसूळ असती, तर सिमेंट घातलं असतं." माझी हाडं त्यांनीच तपासलेली.

"मग बसवता कशानं? ठोकून?" ह्यांनी विचारलं. डॉक्टर चक्क हो म्हणाले.

ऑपरेशन छान झालं. पुढे एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, आता वॉकर सोडा, मोकळं चाला. पण हे कुठले सोडतात! स्लॅब मुरल्याशिवाय टेकू काढायचे नाहीत, हा ह्यांचा धर्म. रोज सकाळी खुब्यावर टकटक करायचे, गिलावा पोकळ वाजतो का बघतात तसं. स्वतःच्या खुब्याला कान लावता येईना, म्हणून मला बोलवायचे. मी एकदा लावलाही. ऐकू काय येणार, कपाळ!

मी हसत होते, पण आतून घाबरले होते. पाय वापरला नाही तर दुबळा होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात रोज उभ्यानं कॉफी पिणारा माझा माणूस खुर्चीत बसून संपेल, असं वाटायचं.

शेवटी एका सकाळी मी वॉकर उचलून बाल्कनीत ठेवला आणि त्यांच्या खुर्चीसमोर थोड्या अंतरावर उभी राहिले.

"टेकू काढल्यावर घरमालकाला धीर यावा म्हणून स्लॅबखाली पहिलं कोण उभं राहायचं?"

"मी. का?"

"आज मी उभी आहे. या चालत. पडलात तर माझ्यावर पडा."

हे भडकलेच. "खुळी का काय तू? तुझ्यावर पडलो तर काय उरतंय तुझं? सरक की बाजूला!"

मी जागची हलले नाही. तसे हे उठले, तरातरा आले, माझे दोन्ही खांदे धरून मला भिंतीशी नेऊन उभं केलं आणि मग खाली स्वतःच्या पायाकडे बघितलं.

"सरी," कामावर कानडीत 'ठीक झालं' म्हणायचे तसं म्हणाले, "धरलंय."

मला रडूच फुटलं.

"रडतीस कशाला? चप्पल घाल, कॉफीला जाऊ."

रस्ताभर त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला. माझी हाडं ठिसूळ आहेत म्हणे.