प्रियदर्शनीचं लॉगिन

मुखेडची प्रियदर्शनी लातूरला रेवणप्पांच्या डाळमिलमध्ये आठ वर्षं संगणक सांभाळत होती. मिलच्या जुन्या लिनक्स मशीनवर पासवर्ड टाकला की नुसता काळा पडदा समोर यायचा आणि वजनकाट्यावरच्या ग्यानोबाला घाम फुटायचा. म्हणून तिनं स्वतःचा लॉगिन शेल, म्हणजे पासवर्डनंतर आपोआप सुरू होणारा प्रोग्राम, लिहिला. आत शिरताच माणूस थेट मराठी मेनूत: गाडी आली, वजन झालं, गाडी गेली. मालक अप्पांनी तो पाहुण्यांना दाखवून मिरवला. नोकरी मात्र कंत्राटीच राहिली. कौतुकानं कुणी कायम होत नाही.

त्या सोमवारी सकाळी तिनं पासवर्ड टाकला आणि मशीननं तिला लगेच बाहेर काढलं. पुन्हा टाकला, पुन्हा बाहेर. ना चूक दाखवली, ना कारण. "मेनू बिघडला तर बाहेरून तयार सॉफ्टवेअर आणू," असं अप्पा अलीकडे बोलून दाखवत होते. मेनू गेला की आपणही गेलो, हे कळायला तिला ज्योतिषी नको होता.

शेजारी अप्पांचा पुतण्या सोमेश बसला होता. त्याला सगळं तिनंच हाताला धरून शिकवलं होतं, आणि अप्पांच्या सांगण्यावरून मशीनचा मुख्य पासवर्डही गेल्या महिन्यात त्याच्या हवाली केला होता.

"काय करायलात, ताई? चहा सांगू का?" त्यानं विचारलं. पोरगा मायाळू आहे, असं तिला वाटलं.

ग्यानोबाच्या लॉगिननं ती आत गेली. मेनू छान उघडला. त्यातच स्वतःसाठी ठेवलेल्या आडवाटेनं ती पुढे शिरली. शेलची फाइल जागेवर होती. चालवायची परवानगी होती. मशीनच्या मान्य शेलांच्या यादीत त्याचं नाव होतं. शनिवारी केलेला एक किरकोळ बदल तिनं पुन्हापुन्हा वाचला आणि स्वतःलाच शिव्या घातल्या.

"माझंच काहीतरी चुकलंय," ती पुटपुटली. सोमेशनं मोबाइलमध्ये डोकं घातलं. अगं बाई, जरा शेजारी बघ की! पण चूक कायम आपल्यातच शोधणाऱ्या माणसाला कोण सांगणार?

शेवटी तिनं सगळ्यांच्या खात्यांच्या नोंदी उघडल्या. ग्यानोबाच्या नावापुढे तिचा शेल होता. तिच्या नावापुढे दुसराच प्रोग्राम होता, आलेल्याला काही न बोलता परत पाठवणारा. असा बदल आपोआप होत नाही. मुख्य पासवर्ड असलेल्यालाच तो करता येतो.

शेल धडधाकट होता. काढलं होतं तिला.

"सोमेश, हे तू केलंस?"

त्याची मान वर येईना. "काका म्हणले, कंत्राट संपलं, ताईंचं लॉगिन बंद कर. तुमाला सांगायचं कामबी माझ्यावरच टाकलं. पण तोंडावर कसं सांगावं, ताई?"

"म्हणून सकाळपासून मला शोधत बसवलंस?"

"तुमची हुशारी म्हाईत हाय न्हवं," तो म्हणाला. "म्हणलं, तुमालाच सापडंल."