भूतबंगल्याच्या भेगा

थीम पार्कमधल्या भूतबंगल्याच्या भिंतींवर भेगा रंगवण्यात पेंटरकाकांची हयात गेली. पार्क बंद पडलं, तेव्हा इमारती पाडायच्या की वापरायच्या हे ठरवायला इंजिनियर आला. त्याने बॅटरी मारून भूतबंगल्यात एकेचाळीस भेगा मोजल्या आणि वहीत लिहिलं, 'पाडावा.'

काकांचं डोकंच फिरलं. "अहो साहेब, डोळे आहेत की बटणं?" म्हणत त्यांनी ओलं फडकं भिंतीवर खसाखसा फिरवलं. भेग पुसली गेली. दुपारपर्यंत चाळीस भेगा गेल्या.

इंजिनियरने ओशाळून 'पाडावा' खोडलं आणि 'वापरावा' लिहिलं. "पण ही एक राहिलीच की," तो म्हणाला.

काकांनी चष्मा सारखा करून ती न्याहाळली.

"ती खरी आहे, बुजवून घ्या. इतकं गचाळ काम मी करत नाही."